संपायच्या आत बघून घेऊ?

मे महिन्यात गाडी काढायची, एवढं ठरलंय. बेट कुठलं, यावर अडलंय. रामेश्वरम की आसाममधली माजुली? रामेश्वरमला १९८८ पासून समुद्रावरच्या पुलावरून थेट गाडी जाते. माजुली पुण्याहून जवळपास दुप्पट लांब, शिवाय निमाती घाटावर गाडी फेरीत चढवायची. पण मित्र अंतर मोजतच नाही. म्हणतो, "रामेश्वरमच्या टोकाचं धनुष्कोडी १९६४च्या वादळात गेलंच, ते कुठे पळतंय? माजुलीला ब्रह्मपुत्रा खातेय. आधी ती बघून घेऊ."

मला हे 'बघून घेऊ' खटकतं. गेल्या शंभरेक वर्षांत माजुलीची निम्म्याहून जास्त जमीन नदीत गेली. काठ तुटला की माणसं घर मोडतात, आत सरकतात, पुन्हा बांधतात. आणि आपण ते 'स्टॉक संपेपर्यंत'वाल्या ऑफरसारखं वाचतो. आजारी माणसाला भेटायला जाणं वेगळं आणि तो जायच्या आत त्याच्यासोबत सेल्फी काढून येणं वेगळं. (आपल्या गाडीचा धूर हा आणखी एक विषय.)

बरं, आपण न गेल्याने काठ वाचणार नाही. सामागुरी सत्रात बांबू, माती, शेणाचे मुखवटे करणाऱ्यांकडे कुणी जाणारही हवंच. म्हणून मत मी माजुलीलाच दिलंय. मित्राला अट एकच घातली: "बेट अजून किती वर्षं टिकेल, असं तिथे कुणाला विचारायचं नाही. मुखवट्याची माती कुठून आणता, हे विचार."

तो अजून हो म्हणालेला नाही.