सरासरी माणूस मसोलीत राहत नाही

मेंदूचा झटका आलेल्या माणसाला कसं झोपवावं? सपाट, की डोकं थोडं उंच ठेवून? सपाट झोपवलं तर मेंदूकडे रक्त सहज जाईल, असा एक तर्क होता. २०१७ साली 'हेडपोस्ट' या चाचणीचा निकाल आला. भारतासह ९ देशांतले ११ हजारांहून जास्त रुग्ण त्यात होते. ९० दिवसांनी पाहिलं, तर दोन्ही गटांच्या अपंगत्वात फरक नव्हता.

वाद मिटला? मला तसं वाटत नाही. 'फरक नाही' हे उत्तर गटाचं आहे. काहींना फायदा, काहींना तोटा होऊन बेरीज शून्य आली असेल, तर समोर पडलेल्या एका माणसाला आपण काय सांगणार?

इथे प्रकाश कामाला येतो. लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कातडी आणि हाड ओलांडून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत जातो, हे १९७७ साली फ्रान्स योब्सिस यांनी दाखवलं. आता कपाळावर पट्टी लावून, परत येणाऱ्या प्रकाशाच्या थरथरीवरून रक्त किती वेगाने वाहतंय याचा अंदाज घेता येतो. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, रुग्णाला खाटेवरून हलवायचं नाही. अशा मोजणीत संशोधकांना दिसलं, की सपाट झोपवल्यावर बहुतेकांचा प्रवाह वाढतो, पण काहींचा चक्क कमी होतो. म्हणजे सरासरीआड लपलेला माणूस सापडतो.

पण यंत्रही कुणाच्या तरी कातडीवर घडतं. कोविडमध्ये आपण बोटाला लावायचो ते ऑक्सिमीटर आठवा. तेही प्रकाशावरच चालतं. २०२० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की कृष्णवर्णीय रुग्णांचा घटलेला ऑक्सिजन त्याच्या नजरेतून गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा निसटत होता. मेंदूकडे जाणाऱ्या प्रकाशालाही गडद कातडी आणि दाट काळे केस अडवतात. भातलावणीत, चिकूच्या वाडीत किंवा होडीवर उन्हात रापलेलं कपाळ यंत्र घडवताना कुणी समोर ठेवलं होतं का, हा प्रश्न आमच्या डहाणूकडून विचारायलाच हवा.

आता तुम्ही म्हणाल, हे लाड कशाला? मसोलीपासून मुंबई शंभराहून जास्त किलोमीटर. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे प्रकाशाची पट्टी ठरवू शकत नाही. पाड्यावर कुणाच्या 'अंगावरून वारं गेलं', तर आधी गाडी हवी, रस्ता हवा.

क्रम बरोबर आहे. आधी गाडीच. पण या युक्तिवादात एक मेख आहे. पैसेवाल्याच्या खाटेशी डॉक्टर विचारतो, 'या माणसाला काय हवं?' गरिबाच्या बाबतीत विचारलं जातं, 'अशा लोकांना साधारण काय पुरेल?' पहिल्याला नाव असतं, दुसऱ्याला सरासरी. आणि ही वाटणी आपण व्यवहार म्हणून मान्य करतो.

सरासरी वाईट नाही. तिच्यावाचून औषध खरं की खोटं हे कळणारच नाही. पण सरासरी काढताना जो मोजलाच गेला नाही, त्याला ती लागू करणं हा अन्याय आहे. म्हणून मला दोन्ही मागण्या एकच वाटतात. गाडी वेळेत यावी, म्हणजे माणूस नजरेच्या टप्प्यात येईल. आणि असं यंत्र तपासलं जाईल, तेव्हा वारली आणि मच्छीमार कपाळंही त्यात असावीत, म्हणजे तो टप्प्यात आल्यावर खरोखर दिसेल. यातलं एक मिळालं म्हणून दुसरं सोडून द्यायला मी तरी तयार नाही.