लेकीला साजेसे महाविद्यालय

बारावीचा निकाल जवळ आला, की आपल्या घराघरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : 'मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचे?' प्रश्न साधा आहे आणि काळजीपोटी विचारलेला आहे. पण त्याची ठेवण पाहण्यासारखी आहे. घालणारे आपण, जाणारी ती, आणि तिचे मन मात्र त्या वाक्यात कुठेच नाही. मुलीला साजेसे महाविद्यालय शोधण्यास मदत करणे हे आईबापांचे कर्तव्य आहे, याविषयी दुमत नाही. परंतु 'साजेसे' म्हणजे कोणाला साजेसे, हा नैतिक प्रश्न आहे, आणि प्रवेश-अर्ज भरण्यापूर्वी त्याचे उत्तर आपण स्वतःशी द्यायला हवे.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरातच्या सीमेकडील डोंगराळ मुलखात हरसूल आहे. भात, नागली, वरई ही या भागातील पिके. पावसाळा संपला, शेतीची कामे उरकली, की हाताला काम हवे म्हणून अनेक कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांची वाट धरतात. अशा ठिकाणी बारावी झालेल्या मुलीपुढे महाविद्यालयाचा प्रश्न शहरातल्या मुलीसारखा उभा राहत नाही. शहरातली मुलगी दोन महाविद्यालयांमधून एक निवडते. इथल्या मुलीला पुष्कळदा शिक्षण आणि मजुरी, शिक्षण आणि लवकर ठरणारे लग्न यांमध्ये निवड करावी लागते. नाशिकला पाठवावे, तर राहण्याचे काय? जवळ ठेवावे, तर तिला हवा तो विषय मिळेल काय? आणि हे सारे ठरवायचे कोणी?

या शेवटच्या प्रश्नाविषयी आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण दोन अंगांनी येते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, असे सांगितले आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात असेही सांगितले आहे, की मुले जाणती झाली म्हणजे आपला व्यवसाय व आपला जीवनमार्ग निवडणे हा त्यांचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे. आईबापांनी सल्ला द्यावा, दडपण आणू नये. वरवर पाहता या दोन गोष्टींत विरोध भासतो. पण जो खरा शिक्षक असतो, तो विद्यार्थ्याला एक ना एक दिवस आपल्यावाचून चालता यावे म्हणूनच शिकवीत असतो. आईबाप पहिले शिक्षक आहेत, याचा अर्थ अखेरचा निर्णय त्यांचा, असा होत नाही. निर्णय घेण्याजोगी मुलगी घडविणे हे त्यांचे काम, असा होतो.

प्रत्यक्षात आपण कोणत्या मापाने मोजतो? पहिले माप नावाचे. मुंबईचे सेंट झेवियर्स १८६९ सालचे, नाशिकचे एच.पी.टी. महाविद्यालय १९२४ सालचे. अशा जुन्या संस्थांचा लौकिक खरा आहे. पण लौकिक संस्थेचा असतो. तिथे आपल्या मुलीचा विषय आहे का, तिचा तिथे निभाव लागेल का, हे त्या लौकिकावरून कळत नाही. 'आपल्या सिस्टरांची संस्था' एवढ्यावर समाधान मानणे हीही त्याच मापाची एक तऱ्हा होय. दुसरे माप सोयीचे : जे जवळ, ते बरे. आणि तिसरे माप भीतीचे. मुलगी दृष्टीआड होऊ नये, लोकांनी बोट दाखवू नये, या भीतीला आपण 'सुरक्षितता' असे भारदस्त नाव देतो. काळजी खोटी नसते. वसतिगृह कसे आहे, रस्ता कसा आहे, हे पाहिलेच पाहिजे. पण काळजी वाट तपासते, आणि भीती वाटच बंद करते.

मत्तयलिखित शुभवर्तमानातील तिसरा सेवक आठवावा. धन्याने सोपविलेले धन त्याने उधळले नाही, चोरले नाही. हरवू नये म्हणून जमिनीत पुरून ठेवले. त्याचा दोष भित्रेपणाचा होता. मुलीची बुद्धी, तिची ओढ, तिच्या हातातील कसब ही आपण दिलेली देणगी नव्हे. आपल्याकडे सोपविलेली ठेव आहे. ती 'जपण्यासाठी' पुरून ठेवली, तर हिशेब आपल्यालाच द्यावा लागेल.

उलट टोकही तितकेच विचार करण्याजोगे आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपण कौतुकाने सांगतो. १८६५ साली जन्मलेल्या या मुलीचे नवव्या वर्षी लग्न झाले, आणि तिने शिकावे हा ध्यास आधी तिच्या पतीचा, गोपाळरावांचा होता. त्यांच्या हट्टाला प्रसंगी मारझोडीचीही धार होती. त्या अमेरिकेत शिकल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, क्षयाने गेल्या. फळ मोठे होते, म्हणून जबरदस्ती योग्य ठरत नाही. मात्र या कथेत एक क्षण असा आहे, की तो आईबापांनी नीट पाहावा. १८८३ साली, प्रयाणापूर्वी, श्रीरामपूरच्या महाविद्यालयात आनंदीबाई सभेपुढे उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेला का जातो, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. अवघ्या दहा दिवसांचे मूल गमावलेल्या त्या आईला वैद्यकविद्या का हवी होती, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. ध्यास त्या क्षणी पतीचा उरला नव्हता, तिचा स्वतःचा झाला होता. आपली मुलगी 'मी इथे का जाते' याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत देऊ शकते का, ही कसोटी आम्हांला गुणपत्रिकेहून मोलाची वाटते.

दुसरे उदाहरण तर नाशिकचेच. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिकला झाला. वडील पारशी कुळातून ख्रिस्ती झालेले मिशनरी, आई पुण्यात शाळा चालविणाऱ्या. मुलीला त्यांनी डेक्कन कॉलेजात पाठविले. तेथील ती पहिली विद्यार्थिनी. परीक्षेत ती वर आली, पण इंग्लंडला जाण्याची शिष्यवृत्ती स्त्री म्हणून तिला नाकारण्यात आली. पुढे इंग्लंडमधील हितचिंतकांच्या मदतीने ती ऑक्सफर्डला गेली आणि १८९२ साली तिथल्या कायद्याच्या परीक्षेला बसली. ऑक्सफर्ड स्त्रियांना पदव्या देऊ लागले ते १९२० साली! यांतले कोणते महाविद्यालय तिला 'सोयीचे' होते? एकही नव्हे. तरी ते तिला साजेसे होते, कारण तिच्यात जे होते त्याची तिथे कसोटी लागत होती. आणि कठीण काळात पाठीशी उभे राहणारे आईबाप तिला लाभले होते. साजेसे आणि सुखाचे हे दोन शब्द एक नव्हेत.

यावर कोणी म्हणेल, 'मग तिचे तिने ठरवावे; आम्ही मध्ये पडत नाही.' हे उदार वाटते. पण जिच्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, तिला असे सांगणे म्हणजे अंधारात हात सोडून देणे होय. माहितीवाचून स्वातंत्र्य नाही. म्हणून आपले काम इथेच सुरू होते, आणि ते बारावीनंतर नव्हे, अकरावीत. पेठचे दादासाहेब बिडकर महाविद्यालय, नाशिकचे एच.पी.टी., १९६९ सालचे के.टी.एच.एम. ही तिच्यासोबत जाऊन पाहावीत. तीही प्रवेशाच्या गर्दीत नव्हे, साध्या कामाच्या दिवशी. प्रयोगशाळा उघडी असते का, मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना इंग्रजीसाठी कोणी हात देतो का, परतीची शेवटची एस.टी. किती वाजता, हे तिथे शिकणाऱ्या मुलींना विचारावे, आणि विचारू द्यावे ते आपल्या मुलीला. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागा हवी असेल, तर जात वैधता प्रमाणपत्राची खटपट आधीच करावी. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाच्या खर्चासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, तिची चौकशी करावी. घर सोडणे शक्यच नसेल, तर १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. तो मार्ग कमी प्रतीचा समजू नये.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला जड जाते : पैसा. घरात किती आहे, कर्ज किती काढता येईल, हे मुलीपासून लपवू नये. सत्य सांगितले, तर ती त्या सत्यासह निवड करील. लपविले, तर आपला नकार तिला आपल्यावरचा अविश्वास वाटेल. पण ते सत्य भावालाही तेच सांगितलेले असावे. मुलासाठी जमीन गहाण पडते आणि मुलीच्या वेळी 'परिस्थिती नाही' असे म्हटले जाते, तेव्हा ती परिस्थिती नसते. तो अन्याय असतो.

इतके करूनही तिची निवड आपल्या मनासारखी होईलच, असे नाही. आपण परिचारिका म्हणावे आणि तिने इतिहास म्हणावा; आपण नाशिक म्हणावे आणि तिने हरसूलजवळच राहून डोंगरातल्या मुलांना शिकवायचे ठरवावे. तेव्हा आपले मत स्पष्ट सांगावे, एकदा सांगावे, आणि थांबावे. स्नानसंस्काराच्या आरंभी धर्मगुरू आईबापांना विचारतात, या बाळाला कोणते नाव देता? ते नाव देण्याचा मान आपला होता. त्या नावाने तिला जे पाचारण येईल, ते ऐकायचे मात्र तिने आहे. तिला ते नीट ऐकू यावे, एवढी शांतता घरात ठेवणे आपल्या हाती आहे.