मालकी आणि अमानत

मालकी ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात संस्थानी काळातल्या रोल्स रॉइसशेजारी उभा राहून माणूस अभिमानाने सांगतो, गाडी माझी. आयकर खात्याने ‘पैसा कुठून आला?’ असे विचारले की तीच गाडी मेहुण्याची होते.

मग मालक कोण? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणी ज्याच्या नावे, तो. पण कराच्या वादात केवळ आर.सी. बुकाने भागत नाही. रक्कम कोणाच्या खात्यातून गेली, विमा कोण भरतो, चावी कोणाकडे असते, हेही विचारले जाते. पुरावा कायद्याचे १८७२ पासूनचे तत्त्व २०२३ च्या नव्या कायद्यातही कायम आहे : वस्तू ज्याच्या ताब्यात, तो मालक नाही असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ताब्यात सापडलेल्या परदेशी घड्याळांबाबत हे तत्त्व आयकरालाही लावले. उलट २०२३ साली डांबर वाहून नेणाऱ्या ठेकेदाराला मालक मानायला त्याच न्यायालयाने नकार दिला. माल हाती होता, पण दुसऱ्याचा. आपल्या भाषेत ती अमानत. तिच्यात खोट आली तरी अमानतदार मालक होत नाही.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. वडिलांची जुनी गाडी जपणाऱ्याकडे पन्नास वर्षांपूर्वीची पावती असेलच असे नाही. कागद नाही म्हणून कोणी चोर ठरत नाही. तरीही सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, ती उगीच नव्हे. लिहिलेले दोघांनाही वाचवते.

२०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द झालेला संपत्ती कर स्वतःसाठी ठेवलेल्या मोटारींवर होता, विक्रेत्याच्या मालावर नव्हता. जकातीचे नेमके उलट आहे. वापरातल्या गाडीवर जकात नाही, विक्रीसाठी घेतलेल्या मालावर अडीच टक्के. मग भाव वाढण्याची वाट पाहत दहा गाड्या झाकून ठेवणाऱ्याने काय म्हणावे? शौक की व्यापार? ही नियत कोणताही अधिकारी तपासू शकत नाही. ती त्याची त्यालाच ठाऊक असते.

कायदा कागद मागतो, ईमान हिशेब मागते. माझ्या मते जो देणे मान्य करतो, तोच खरा मालक. बाकीचे नुसते ताबेदार.