कोणत्या गांवचे?

परगांवचा मनुष्य वेशींत आला म्हणजे आपण त्यास पहिला प्रश्न विचारतों तो हा : "पाव्हणं, कोणत्या गांवचे?" ह्या प्रश्नांत थोडा संशय असतो, तसा मानही असतो, कारण उत्तर देण्याचा अधिकार आपण त्या मनुष्यास देतों. तो बोलूं लागला कीं त्याचा धंदा व सोयरीक कळते, आणि चार शब्दांत त्याचें परकेपण जातें.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें १ जुलै २०१८ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच पुरुष आले. भिक्षा मागत गांवोगांव फिरणें हा ह्या समाजाचा पिढीजात व्यवसाय. असे गोसावी कोणत्या गांवानें पाहिले नाहींत? परंतु त्या दिवसांत मुलें पळविणाऱ्या टोळ्या आल्या आहेत असे निरोप व्हॉट्सॲपवरून हातोहात चालले होते. लोकांनीं त्या पांचांस तेच ठरविलें, ग्रामपंचायतीच्या कचेरींत कोंडलें आणि जिवें मारिलें. पांचांसही तोंड होतें, बोलतां येत होतें. परंतु उत्तर मोबाइलांत आधींच आलेलें होतें.

त्या सुमारास देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळांत कराचींतील एका संस्थेनें मुलांच्या सुरक्षिततेसाठीं केली होती. तींत मोटारसायकलवरचा मनुष्य मूल उचलतो, आणि शेवटीं तेंच मूल परत आणून सोडतो व सावधगिरीची पाटी दाखवितो. आपणांकडे ती आली ती शेवट कापून.

वाचकहो, अशा गोष्टीवर शहाणीं माणसें कां विश्वास ठेवितात? माझ्या मतें कारण अज्ञान हें नव्हे. निरोप चुलतभावानें धाडला, म्हणून चुलतभावाची पत त्यास मिळते. तो मुळांत लिहिला कोणीं, हें त्या बिचाऱ्यासही ठाऊक नसतें. हुंडी कोणाची हें न पाहतां केवळ आणणाऱ्याचें तोंड पाहून पैसे मोजावे, तसा हा व्यवहार. त्याच जुलै महिन्यांत व्हॉट्सॲप कंपनीनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचच ठिकाणीं पुढें धाडतां येईल असा निर्बंध घातला. चांगलें केलें, पण पांचांनीं पांच पांच जणांस धाडिलें तरी पंचवीस होतात, एवढा हिशेब मुलांसही येतो.

हें मीं दुसऱ्यांस शिकवावें अशी माझी योग्यता नाहीं. त्या वर्षीं अशीच एक तसबीर मींही पुढें धाडली होती. हीच वार्ता शेजारीण दारांत उभी राहून सांगती, तर मीं विचारिलें असतें : कोणाचें मूल? केव्हां? तूं पाहिलेंस काय? मोबाइलास मीं कांहींच विचारिलें नाहीं. पुढें ती खोटी असल्याचें कळतांच मीं ती पुसून टाकिली. ज्या सात जणांस धाडिली होती, त्यांस मात्र कळविलें नाहीं, लाज वाटली.