केरसुणीच्या वाट्याची हिंसा

लक्ष्मीपूजनाला घरोघरी नवी केरसुणी येते. तिला हळदकुंकू वाहतात, एरवीही पाय लागला तर नमस्कार करतात. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात मात्र हीच केरसुणी पंचसूनांत मोडते. चूल, जातं-पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातली पाच हत्यास्थानं. त्या दोषावर उतारा म्हणून पंचमहायज्ञ सांगितले. त्यांतल्या भूतयज्ञात कुत्रा, कावळा, किडामुंगी यांचा वाटा काढून ठेवायचा. झाडताना मेलेल्या मुंगीचा हिशेब दुसऱ्या मुंगीला घास घालून कसा चुकता होतो, असं कुणी खोचकपणे विचारू शकतं. पण घर चालवायचं तर जीव मरतात, हे त्या ग्रंथाने झाकून ठेवलं नाही.

आता ते झाकायला ‘नैसर्गिक’ हे लेबल पुरतं. बाजारातला फवारा म्हणजे विष, कडुलिंब म्हणजे सात्त्विक! पण कडुलिंबातल्या अॅझाडिरॅक्टिनमुळे अळीला धड खाता येत नाही, धड कात टाकता येत नाही. ती हळूहळू मरते. शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलापासून पायरेथ्रम मिळतं, ते किड्याच्या मज्जातंतूंवरच घाला घालतं. डासांच्या अगरबत्तीत वापरलं जाणारं अॅलेथ्रिन ही 1949 साली प्रयोगशाळेत तयार झालेली त्याचीच नक्कल. तंबाखूचा काढाही झाडपाल्याचाच, आणि जहाल. धान्यात ठेवायच्या पाऱ्याच्या गोळ्या तर आजीच्या काळापासूनच्या, तरी पारा घातकच. माणसाच्या फुप्फुसांना आणि विहिरीच्या पाण्याला काय सोसेल, हा प्रश्न मोठाच आहे. पण तो आरोग्याचा. ढेकणाला आपण कशाने मेलो याचं सोयरसुतक नसतं.

जैन आचारशास्त्राने या गुंत्यात जास्त बारकाईने हात घातला. गृहस्थाच्या हिंसेचे तिथे चार प्रकार केले जातात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून मारणं श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, सोडायचं. रांधताना, झाडताना, शेती-व्यापार करताना, बचाव करताना होणारी हिंसा जमेल तितकी कमी करायची. कोल्हापूर-सांगलीकडचा जैन समाज मोठ्या प्रमाणावर शेतकरी, त्यामुळे नांगर धरणाऱ्याला हा विचार निव्वळ पोथीतला राहत नाही. सगळा भर यत्नाचारावर, म्हणजे जपून वागण्यावर. पाणी गाळायचं आणि गाळण्यावर राहिलेले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडायचे. या प्रथेला जिवाणी म्हणतात.

उन्हाळ्यातल्या बेगमीमागेही अशीच दक्षता दिसते. गव्हाला ऊन द्यायचं, तूरडाळीला एरंडेल चोळायचं, कडधान्याला राख लावायची, लोकरी कपड्यांत वेखंड ठेवायचं. हे सगळंच निष्पाप नाही. तेलाच्या थराखाली भुंगेऱ्याच्या अंड्यांचा श्वास कोंडतो, राखेने किड्याचं अंग खरवडून सुकतं. तरी टोके झालेल्या पोत्यावर विष मारण्यापेक्षा टोके होऊच न देण्यात जीव कमी जातात. रात्री ओटा कोरडा करणं, खरकटं न ठेवणं, फटी बुजवणं यांत तर जवळजवळ कुणीच मरत नाही. जाहिरातीत मात्र हे येत नाही, कारण यात विकण्यासारखं काही नाही.

जीव वाचवायचे तर आधी जबाबदारी घ्यावी लागते; गांधीजींनी 1926 साली याच दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं होतं. अहमदाबादेत गिरणीमालक अंबालाल साराभाईंनी साठ भटकी कुत्री मारवली, तेव्हा गांधीजींनी त्यांची बाजू घेतली आणि ‘यंग इंडिया’तून वाद ओढवून घेतला. मोकाट कुत्र्यांपुढे तुकडे टाकायचे, पण त्यांना पाळायची जबाबदारी घ्यायची नाही, ही दया त्यांना मान्य नव्हती.

डेंग्यूच्या दिवसांत दया की जबाबदारी हा पेच घरात येतो. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करा, पाणी कोरड्या जमिनीवर ओता, असं सांगितलं जातं; त्या पाण्यात अळ्या असल्या तर त्या मरणारच. जिवाणीचा नियम त्यांना पाण्यात परत सोडायला सांगेल. इथे दोन्ही पाळता येत नाहीत, आणि घरात लेकरू असेल तर विरोधी हिंसेची मुभा घ्यावीच लागते. नुसतं ओतूनही भागत नाही: एडिस डासाची अंडी कोरडी पडून महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून पिंपाच्या आतल्या कडा काथ्याने घासून काढाव्या लागतात.