घाम आणि घास

कलकत्त्याजवळच्या एका तागाच्या गिरणीतल्या 213 पुरुषांच्या आहाराची पाहणी 1956 साली प्रसिद्ध झाली. हार्वर्डचे आहारशास्त्रज्ञ ज्याँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी ती केली होती. तिच्यात ओझी वाहणारे हमाल होते, कोळसा उपसणारे होते, लोहार होते, टेबलाशी बसणारे कारकून होते आणि दिवसभर जागचे न हलणारे दुकानदारही होते. हलक्या कामापासून अवजड कामापर्यंत कष्ट वाढत गेले तसा आहार वाढत गेला, आणि वजनं मात्र साधारण सारखीच राहिली. घोडं अडलं ते अगदी बैठ्या टोकाला. तिथे कष्ट सर्वांत कमी, पण खाणं कारकुनांहून जास्त आणि अंगावर चरबीही जास्त.

दुकानदाराच्या हातात हमालापेक्षा पैसा खुळखुळत असणार, हा आक्षेप रास्त आहे. एका वेळच्या पाहणीवरून कारण सिद्ध होत नाही, हेही खरं. तरी मेयर यांनी दाखवलेली दिशा मला आजही मोलाची वाटते. कष्ट कमी झाले की भूक आपोआप त्या मानाने उतरेल, असं आपण गृहीत धरतो. ती उतरत नाही. एका मर्यादेखाली शरीराची हालचाल गेली की भुकेला खर्चाचा अंदाजच राहत नाही.

आपल्याकडे मात्र व्यायामाचा हिशेब वेगळ्याच वहीत मांडला जातो: इतका घाम गाळला, तर इतकं खायला हरकत नाही. रविवारी सकाळी सिंहगड चढणाऱ्या पुणेकरांना वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही मिळालं नसतं, तर निम्मी गर्दी पायथ्यावरूनच परतली असती असा माझा संशय आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त गणित जुळत नाही. सत्तर किलो वजनाचा माणूस पाच किलोमीटर चालला तर सुमारे 250 कॅलरी खर्च होतात. वाटेतला एक वडापाव ती सगळी कमाई परत घेतो.

इंग्लंडमध्ये किंग, ब्लंडेल आदी संशोधकांनी 35 स्थूल माणसांकडून बारा आठवडे देखरेखीखाली व्यायाम करून घेतला. सरासरी 3.7 किलो वजन उतरलं. पण एकाचं 14.7 किलो उतरलं आणि दुसऱ्याचं 1.7 किलो वाढलं! व्यायाम सगळ्यांनी मोजून सारखाच केला होता. फरकाचा मोठा वाटा खाण्यात होता: काहींची भूक आणि खाणं व्यायामाबरोबर वाढत गेलं. हे निव्वळ खादाडपणाचं लक्षण मानणं अन्यायाचं आहे. भूक पोटात जाणवते, पण तिचा कारभार बराचसा मेंदूतून चालतो.

तो कारभार उलगडणारा एक गाजलेला प्रयोग झाला 1954 मध्ये. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली, आणि कळ दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा हलका झटका बसेल अशी सोय केली. उंदीर ती कळ पुन्हापुन्हा दाबत राहिले. मेंदूचं सुखकेंद्र सापडलं, असा गाजावाजा झाला. पुढे डोपामीन या रसायनालाच लोक सुखाचं रसायन म्हणू लागले. मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी या समजुतीला सुरुंग लावला. ज्यांच्या मेंदूतलं डोपामीन जवळजवळ नष्ट केलं होतं, ते उंदीर अन्नाकडे ढुंकूनही पाहत नव्हते. मात्र तोंडात साखरेचं पाणी घातलं की पूर्वीसारखेच जिभल्या चाटत. म्हणजे गोडी शाबूत होती, गेली होती ती ओढ. ताटातली चौथी करंजी उचलणारा हात या ओढीने पुढे होतो. तोपर्यंत चवीचा आनंद बराचसा ओसरलेला असतो.

व्यायामाचं खरं काम इथे, या ओढीवर आहे असं मला वाटतं. जोरकस व्यायामानंतर काही काळ भूक जागवणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाची सक्रिय पातळी खाली येते. 2022 मध्ये स्टॅनफर्डच्या जोनाथन लाँग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, दमवणाऱ्या व्यायामात लॅक्टेट आणि फेनिलॲलनिन यांच्या संयोगातून एक रेणू रक्तात वाढतो. तोच रेणू लठ्ठ उंदरांना टोचला तेव्हा त्यांनी खाणं कमी केलं. माणसाच्या आणि शर्यतीच्या घोड्याच्या रक्तातही तो धावल्यावर वाढतो, पण माणसाची भूक त्याने किती आवरते हे त्यावरून ठरत नाही. त्यापेक्षा इंग्लंडच्या एक्झिटर विद्यापीठातला साधा प्रयोग मला जास्त आवडतो. नेहमी चॉकलेट खाणाऱ्यांपैकी काहींना पंधरा मिनिटं झपाझप चालायला लावलं, काहींना नुसतं बसवलं, आणि मग कामाच्या टेबलावर चॉकलेटचा वाडगा ठेवला. बसलेल्यांनी सरासरी 28 ग्रॅम खाल्लं, चाललेल्यांनी 15. कॅलरी जळल्या म्हणून कोणी कमी खात नाही. चालण्याने हाताची ओढच कमी झाली होती.

म्हणून वाचकांना एकच विनंती. ट्रेडमिलवर कॅलरीचा आकडा दिसतो, त्यावर नॅपकिन टाका. तो आकडा ढोबळ असतो आणि खाण्याला निमित्त पुरवतो. फराळ करायचा तर मनमुराद करा, आधी काही कमवावं लागत नाही. आणि चालायचं असेल तर फराळानंतरची शिक्षा म्हणून नको, चकलीचा डबा उघडण्याआधी पंधरा मिनिटं चालून या.