टाकीत आपल्या भीमेचे मासे

भवानी पेठ, सोलापूर

चि. बाळास,


तुझ्या बाबांचा फोन आला. दोन फुटी काचेची टाकी घ्यायचं ठरलं, आणि तिच्यात तुला अमेरिकेतला सनफिश हवाय, असं कळलं. तू पाठवलेला व्हिडिओ मी पाहिला. नर शेपटीने वाळू उडवून तळाशी खळगा करतो, त्यात अंडी पडली की पर हलवत त्यांची राखण करतो. खरंच बघत राहावं असं आहे. पण मला त्याहून आवडलं ते हे, की व्हिडिओतल्या मुलांनी तो मासा घराजवळच्याच ओढ्यातून आणला होता. तू त्यांचा मासा घेऊ नकोस, त्यांची रीत घे. तुझ्या टाकीत भीमा-सीनेचे मासे असावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सनफिश नको, याला कारण आहे. हौशी लोकांनी तो एकोणिसाव्या शतकात युरोपात नेला. तिथे तो तळ्यांत आणि कालव्यांत सुटला आणि स्थानिक माशांच्या वाट्याचं खाऊ लागला. शेवटी २०१९ साली युरोपीय संघाने त्यातली एक जात घातक परक्या जातींच्या यादीत घातली. आता तिथे ती विकता येत नाही, घरी पाळताही येत नाही. आणि युरोप कशाला, आपल्या उजनी धरणावर जाऊन कोळ्यांना विचार. त्यांच्या जाळ्यात आज जी चिलापी येते ती मूळची आफ्रिकेची. १९५२ साली ती भारतात आणली गेली. निदान ती खाल्ली तरी जाते. पण दुकानात काच साफ करणारा ‘सकर’ म्हणून मिळतो, त्याला हे कोळी ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात. तो दक्षिण अमेरिकेचा. दुकानात बोटाएवढा असतो, वाढला की फूटभराच्या वर जातो, टाकीत मावेनासा होतो. मग कुणीतरी दयेपोटी त्याला पाण्यात सोडून येतं. अंगावर चिलखत, परांना काटे. जाळ्यात गुरफटला तर जाळंच कापावं लागतं, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. एका घरच्या टाकीतली दया कोळ्याच्या घरी नुकसान होऊन पोचते, हे मला फार लागतं.

आता आपले मासे. सुरुवात खवलीपासून कर. तिच्यातही टिक्टो नावाची जात घे. हा चंदेरी, दोन-तीन इंचांचा मासा असतो; एक काळा ठिपका कल्ल्यामागे, दुसरा शेपटीच्या अलीकडे. वीण जवळ आली की नराच्या अंगावर लाली चढते. तो एकटा-दुकटा ठेवला तर बुजून कोपऱ्यात बसतो, म्हणून सहा-आठ तरी हवेत. तळाला तीन-चार मुरी मासोळ्या सोड. त्या वाळूत तोंड खुपसून खातात, भ्याल्या की वाळूतच शिरतात, म्हणून टोकदार खडी घालू नकोस. बारीक वाळू चाळून, धुऊन घाल. दोन फुटी टाकीत जेमतेम पंचावन्न लिटर पाणी मावतं. तिला सुरुवातीला एवढी वस्ती पुरे.

काचमासा तुला नक्की भुलवेल. त्याच्या अंगातून आरपार दिसतं. काटा दिसतो, पोटातली हवेची पिशवी दिसते. पण त्याच्या एकसारख्या दिसणाऱ्या दोन जाती आहेत. चंदा नामा नावाची जात दुसऱ्या माशांची खवलं तोडून खाते. तिचा खालचा जबडा पुढे आलेला असतो, तो नीट बघून घे. दुसरी, रंगा, ही शांत आहे. दुकानात गुलाबी-हिरवा चमकणारा काचमासा दिसला तर तो मुळीच घेऊ नकोस. तो रंग त्याच्या अंगात सुईने भरलेला असतो.

आणि राखण करणारा बापच बघायचा असेल, तर तोही आपल्या ओढ्यात आहे. मरळच्या कुळातला एक लहानगा, शास्त्रीय नाव चन्ना गाचुआ. त्याचा नर अंडी आणि पिल्लं तोंडात धरून सांभाळतो. मला तर सनफिशपेक्षा हा बाप थोर वाटतो. मात्र त्याला वेगळी टाकी लागते आणि वर घट्ट झाकण लागतं. तो वर येऊन हवा घेतो आणि उडीही मारतो. हे पुढच्या वर्षी बघू.

मासे हिप्परग्याच्या तलावावर किंवा भीमेकाठी कोळ्यांकडे माग. जाळ्यात आलेली बारीक मासळी ते विचारलं की देतात. न विचारता पाण्यात उतरू नकोस, आणि महसीरचं पिल्लू मिळालं तरी आणू नकोस. तो मोठ्या नदीचा मासा आहे. आणलेले मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेव. रानच्या माशाच्या अंगावर जंतू असतात, ते तेवढ्यात उघडे पडतात.

पाण्याचं सांगतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, साठवून ठेवावं लागतं, म्हणून आपण कुरकुरतो. पण टाकीसाठी हा साठा कामाचा आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं. उघड्या बादलीत दिवस-दोन दिवस ठेवलं की ते बरंचसं उडून जातं. बादलीवर जाळी बांध, नाहीतर डास होतील. झाल्याच अळ्या, तर गाळून टाकीत टाक. खवली आणि काचमासा दोघंही त्यावर तुटून पडतात. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदल, सगळं कधीच नको. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेल्या खाण्यानेही तो पाण्यात होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात, आणि नव्या टाकीत ती वस्ती जमायला महिना-दीड महिना जातो. घाईने मासे सोडणाऱ्यांचे मासे मरतात ते इथेच.

उन्हाळा मात्र कठीण. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळिसापलीकडे जातो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, बत्तीस अंशांना सातच्या आसपास. थंड पाण्याचा गोल्डफिश तिथे धापा टाकतो. आपले मासे उन्हाळी डबक्यांतून निभावलेले आहेत. तरी टाकी पश्चिमेच्या भिंतीला लावू नकोस, हवेचा पंप चालू ठेव, मागच्या काचेवर ओला सोलापुरी टॉवेल टाक. तारा आणि प्लग मात्र त्याच्यापासून लांब.

आता नोंदींचं. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवर लिहिलं ते १८३०च्या दशकात. त्याने इथल्या लोकांनी माशांना दिलेली नावंच शास्त्रात नेली : मळ्याचं मुल्या, शिंगटीचं सीनगटी. जगभरच्या ग्रंथांत ती आजही आहेत. तूही एक वही घाल. कोणता मासा कुठून आला, काय खाल्लं, केव्हा रंगला, हे लिहीत जा.

एक गोष्ट कबूल कर. टाकीतला मासा, शिंपला, झाडाची काडीसुद्धा सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात टाकायची नाही. आपल्या नदीचा मासा असला तरी नाही, कारण त्याच्यासोबत टाकीतला रोगही जातो. नकोसा झाला तर माझ्याकडे आणून दे.

येत्या रविवारी इकडे ये, माझ्या फिल्टरमधला जुना स्पंज देतो. त्यात जिवाणू तयार आहेत, तुझे बरेच दिवस वाचतील. येताना झाकणाचा डबा आण आणि स्पंज ओलाच ने.

तुझे,
आजोबा